पाळक, कवी आणि दरबार : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे श्रद्धा, मंडळी व कलाविषयक चिंतन

प्रस्तावना

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे स्थान केशवसुतांच्या पिढीतील एक महत्त्वाचे कवी म्हणून निश्चित झालेले आहे. ‘फुलामुलांचे कवी’ हे त्यांचे बिरुद पाठ्यपुस्तकांपासून वाङ्मयेतिहासांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे तर हा मनस्वी, उदार आणि पैशाच्या बाबतीत कमालीचा बेफिकीर माणूस मराठी वाचकाला घरच्यासारखा परिचित आहे. मात्र टिळक हे पाळक होते, एका मंडळीची, एका मिशनची आणि एका उपासनापद्धतीची जबाबदारी त्यांच्यावर होती, या वस्तुस्थितीची दखल साहित्यसमीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. साहित्याचा अभ्यासक त्यांच्या ख्रिस्ती अभंगांना ‘धार्मिक रचना’ म्हणून बाजूला ठेवतो. ख्रिस्ती धर्माचा अभ्यासक त्यांच्या निसर्गकवितेला तसेच बाजूला ठेवतो. परिणामी कवी टिळक आणि पाळक टिळक अशा दोन वेगळ्या व्यक्ती असल्याप्रमाणे त्यांचा विचार होत राहिला.

टिळकांनी पद्धतशीर धर्मशास्त्रीय ग्रंथ लिहिला नाही. श्रद्धा, मंडळी, कला आणि संस्कृती यांविषयीचे त्यांचे चिंतन अभंगांत, उपासनागीतांत, ‘ख्रिस्तायना’च्या ओव्यांत, ‘ज्ञानोदया’तील लेखनात आणि आयुष्याच्या अखेरीस घेतलेल्या निर्णयांत विखुरलेले आहे. हे चिंतन एकत्रितपणे पाहणे आणि त्यातील कलारूप व धर्मविचार यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. टिळकांनी अभंग व कीर्तन ही रूपे केवळ प्रचाराची साधने म्हणून स्वीकारली नाहीत. ती रूपे आपल्यासोबत ईश्वराशी, समुदायाशी आणि द्रव्याशी असलेल्या नात्याची स्वतंत्र कल्पना घेऊन आली आणि त्या कल्पनेनेच अखेरीस टिळकांना मिशनच्या चौकटीबाहेर नेले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्याचबरोबर या प्रयोगाला कोणत्या सामाजिक मर्यादा पडल्या, याचाही विचार करणे आवश्यक आहे.

‘वेश’ या रूपकाची अपुरी चौकट

ख्रिस्ती धर्माच्या भारतीयीकरणाची चर्चा करताना ‘वेश’ हे रूपक नेहमी वापरले जाते. ख्रिस्ती संदेशाला भारतीय वेश चढवणे, असे या चर्चेचे सर्वसाधारण स्वरूप असते. टिळकांच्या कार्याचे मूल्यमापन करणारे दोन परस्परविरोधी पक्ष या एकाच रूपकाचा आधार घेतात, ही लक्षणीय बाब आहे. मिशनच्या दृष्टीने अभंग आणि कीर्तन हा उपयुक्त वेश होता. परका वाटणारा संदेश त्यामुळे लोकांच्या कानाला ओळखीचा वाटे. टीकाकारांच्या दृष्टीने तो फसवा वेश होता. आत धर्मांतराचा हेतू आणि बाहेर वारकऱ्याचे रूप, असा त्यांचा आक्षेप होता. एकाने कौतुक केले, दुसऱ्याने संशय घेतला. परंतु दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली. आशय आत असतो, रूप बाहेर असते आणि रूप बदलल्याने आशयाला काही होत नाही, हे ते गृहीतक होय.

साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक मान्य होण्यासारखे नाही. अभंग हा केवळ अक्षरांचा आणि यमकांचा बंध नव्हे. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या अधिकाराने बोलतो आणि ते कोणासमवेत गायिले जाते, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या रचनाप्रकारात आधीच अंतर्भूत असतात. ज्या कवीने हा प्रकार मनापासून स्वीकारला, त्याला ही उत्तरेही काही प्रमाणात स्वीकारावी लागतात. टिळकांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

चरित्राची आवश्यक पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांवर बालपणी आईच्या भक्तिपर संस्कारांचा खोल ठसा उमटला होता. संस्कृतचे अध्ययन, कविता, कीर्तन-प्रवचनांची आवड आणि धर्मविषयक अस्वस्थता यांनी त्यांचा पूर्वायुष्याचा काळ व्यापलेला आहे. पुढे त्यांचा बायबलशी परिचय झाला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील केंद्रात त्यांनी अध्यापन आणि धर्मसेवा केली. पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वात केले.

टिळक या मार्गावरचे पहिले प्रवासी नव्हते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच ओवीबद्ध रूपात प्रसिद्ध झाले होते. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या पदकर्त्यांनी टिळकांच्या आधीच देशी चालींवरील भजनांची परंपरा रुजवली होती. उलटपक्षी बाबा पदमनजींसारख्या ख्रिस्ती लेखकांचा भर प्रामुख्याने गद्यावर, युक्तिवादावर आणि सुधारणेवर होता. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे त्याचे ठळक उदाहरण. तेव्हा टिळकांचे वेगळेपण देशी चाली वापरण्यात नाही. भक्तिपरंपरेला त्यांनी आपल्या श्रद्धेच्या पूर्वेतिहासाचा दर्जा दिला, यात ते आहे. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. पूर्वधर्म म्हणजे केवळ अंधार आणि नवा धर्म म्हणजे केवळ प्रकाश, ही धर्मांतरकथांमधील नेहमीची मांडणी त्यांनी नाकारली. सेतू म्हटला की दोन्ही तीर मान्य करावे लागतात.

अभंग : माउली आणि क्रूस

टिळकांच्या अभंगांत ख्रिस्ताला उद्देशून येणाऱ्या संबोधनांपैकी सर्वांत अर्थपूर्ण संबोधने म्हणजे ‘माउली’ आणि ‘गुरू’. प्रोटेस्टंट उपासनेच्या भाषेत ईश्वर हा प्रामुख्याने पिता, राजा व न्यायाधीश असतो. मनुष्याचे पाप, त्याबद्दलचा दंड आणि ख्रिस्ताने तो दंड स्वतः भोगून दिलेली सुटका, अशी तारणाची मांडणी मिशनऱ्यांच्या उपदेशात प्रबळ होती. ही भाषा न्यायालयाच्या परिसरातली आहे. ‘माउली’ हा शब्द मात्र दुसऱ्याच परिसरातून येतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणणाऱ्या, विठ्ठलाला विठाई म्हणून हाक मारणाऱ्या परंपरेत लेकराचा अपराध हिशेबात धरला जात नाही. आईच्या ओढीपुढे तो आपोआप क्षीण होतो. ख्रिस्ताला माउली म्हटले की पापाची जाणीव नाहीशी होत नाही, परंतु तिचे स्थान बदलते. दंडाच्या भयाची जागा दुराव्याच्या दुःखाला मिळते. टिळकांच्या अभंगांत विरहाची आर्तता जितकी आहे, तितकी नरकाची भीती नाही, ही बाब या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते.

‘गुरू’ या संबोधनाचाही असाच परिणाम होतो. पाळकाला अधिकार मिळतो तो दीक्षेतून आणि मंडळीच्या मान्यतेतून. त्याने मान्य सिद्धान्तांचे विवरण करावे अशी अपेक्षा असते. अभंगकर्त्याचा अधिकार मात्र अनुभवाचा असतो. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा हेच सांगते, की येथे जे बोलले गेले त्याला या व्यक्तीचा अनुभव साक्षी आहे. पाळकाने अभंग लिहिला की एकाच व्यक्तीच्या ठिकाणी हे दोन अधिकार एकत्र येतात. टिळकांच्या बाबतीत अनुभवाचा अधिकार हळूहळू वरचढ होत गेला. ख्रिस्ताविषयीचे ज्ञान आणि ख्रिस्ताचा सहवास यांत त्यांनी सहवासाला श्रेष्ठ मानले, आणि त्यातूनच पुढे बाप्तिस्म्याच्या सीमेविषयीचा त्यांचा विचार घडला.

तथापि हा परिणाम एकतर्फी नाही. अभंगाने ख्रिस्ती श्रद्धेला जसे बदलले, तसेच ख्रिस्ती श्रद्धेनेही अभंगाला नव्या ओझ्याची सवय लावली. विठ्ठल युगानुयुगे विटेवर उभा आहे. त्याचे रूप नित्य आहे. ख्रिस्ताची कथा मात्र इतिहासातील एका काळाशी, एका स्थळाशी आणि एका शारीरिक यातनेशी जोडलेली आहे. क्रूस ही नित्य मूर्ती नव्हे, ती घडलेली घटना आहे. नित्य सान्निध्याचे सुख गाणाऱ्या अभंगाला टिळकांनी एका ऐतिहासिक मृत्यूचे स्मरण गाण्यास लावले. हा ताण सर्वत्र सारखा पेलला गेलेला नाही. काही रचनांत क्रूस हा केवळ उल्लेखापुरता येतो आणि अभंग आपल्या परिचित वाटेने पुढे जातो. काही ठिकाणी उलट उपदेशाचा भार वाढून अभंगाची सहजता हरवते. परंतु जेथे माउलीची ओढ आणि क्रूसाची वेदना एकमेकींत मिसळतात, तेथे टिळकांची रचना पूर्वसूरींच्या अनुकरणातून पूर्णपणे मुक्त झालेली आढळते. त्यांच्या भक्तिकवितेचे खरे यश अशा रचनांत शोधले पाहिजे.

‘ख्रिस्तायन’ या अपूर्ण राहिलेल्या महाकाव्याचा विचारही याच अंगाने करता येतो. शीर्षकातून रामायणाचे स्मरण जागवणाऱ्या या काव्याचे प्रारंभीचे काही अध्यायच टिळकांच्या हातून लिहून झाले. उर्वरित प्रचंड कार्य लक्ष्मीबाईंनी पार पाडले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या एका स्त्रीला हे महाकाव्य पुढे नेता आले, कारण ओवी तिच्या कानावर आणि ओठांवर आधीपासूनच होती. मिशनच्या अध्यापनसंस्थेत शिकवल्या जाणाऱ्या धर्मशास्त्रात तिला प्रवेश मिळणे अवघड होते. ओवीत मात्र ती घरचीच होती. कलारूप बदलल्याने धर्मचिंतनाचा अधिकार कोणाच्या हाती जाऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कीर्तन, मोबदला आणि मिशनचा पगार

टिळकांच्या कीर्तनांकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहताना एका आर्थिक प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. वारकरी परंपरेत कीर्तनकाराने कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, असा दंडक आहे. तुकारामांनी तो आपल्या अभंगांतून निःसंदिग्धपणे सांगितला आहे. प्रत्यक्षात तो सर्वांनी पाळला असे नाही, पण आदर्श म्हणून तो कायम राहिला. ज्याने मोबदला घेतला त्याच्या शब्दाचे वजन कमी होते, ही त्यामागील धारणा.

याउलट मिशनच्या व्यवस्थेत पाळक, उपदेशक, शिक्षक आणि बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया या बहुतांशी पगारी सेवक होत्या. अमेरिकन बोर्डाच्या निधीतून येणारा पैसा आणि त्याचे वाटप करणारे परदेशी मिशनरी, यांवर त्यांचा निर्वाह अवलंबून असे. तत्त्वतः काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. मंडळ्यांनी आपल्या पाळकाचा खर्च स्वतः उचलावा, हा विचार बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच मांडला होता. १८५४-५५ मध्ये ते स्वतः भारतात येऊन गेले होते. परंतु वारंवार पडणाऱ्या दुष्काळांच्या प्रदेशातील गरीब मंडळ्यांना हे स्वावलंबन पेलणे कठीण होते. त्यामुळे तत्त्वात स्वायत्तता आणि व्यवहारात परावलंबन, अशी स्थिती राहिली.

या स्थितीत ‘दास’ या शब्दाचा अर्थ दुभंगतो. अभंगात भक्त स्वतःला दास म्हणवून घेतो तेव्हा ते त्याचे भूषण असते. त्याने एकाच धन्याची चाकरी पत्करलेली असते आणि म्हणून इतर कोणाचीही त्याला भीड नसते. मिशनचा सेवक मात्र व्यवहारात एका संस्थेचा नोकर होता. सकाळी अभंगात प्रभूचा दास म्हणून उभे राहायचे आणि महिन्याच्या अखेरीस मिशनच्या वहीत सही करायची, यातील विसंगती टिळकांसारख्या संवेदनशील कवीला जाचल्याशिवाय राहणे शक्य नव्हते. मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातील नाते पालक-पाल्याचे वा धनी-चाकराचे न राहता बंधुत्वाचे व्हावे, हा आग्रह त्यांच्या लेखनात उत्तरोत्तर तीव्र होत गेला. या आग्रहामागे राष्ट्रीय स्वाभिमान होता, हे खरेच. परंतु तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. ज्या भक्तिपरंपरेत ते गात होते, तिनेच त्यांना पगारी धर्मसेवेकडे प्रश्नार्थक दृष्टीने पाहावयास शिकवले होते. म्हणूनच १९१७ मध्ये मिशनच्या पगाराचा त्याग करून त्यांनी ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा घेतलेला निर्णय हा आकस्मिक वा लहरी मानता येत नाही. तो त्यांच्या अभंगांतूनच निघालेला निष्कर्ष होता.

घर आणि ‘देवाचा दरबार’

साताऱ्यास वास्तव्य करून टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसमाज असावा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य असावेत, आणि त्याचा कारभार परदेशी द्रव्याच्या आधारावर चालू नये, अशी त्यांची धारणा होती. प्रस्थापित मंडळीशी वैर धरण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मात्र मंडळीची सीमा आणि ख्रिस्ताच्या कुटुंबाची सीमा एकच आहे, हे त्यांना मान्य नव्हते.

ही कल्पना कागदावर येण्यापूर्वी टिळकांच्या घरात नांदत होती, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडलेले नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणजे काही काळ बाप्तिस्मा घेतलेला पती आणि आपला आचार पाळणारी पत्नी एकाच छपराखाली संसार करीत होती. अहमदनगरच्या याच घरात पुढे बालकवी ठोंबरे यांना आश्रय आणि माया मिळाली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी व्हावे, अशी त्या घराची अटही नव्हती. कवितेच्या ओढीने जवळ आलेला तरुण तेथे मुलासारखा राहिला. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनाशी टिळक व बालकवी या दोघांचेही नाव जोडलेले आहे. धर्माच्या सीमेपलीकडचा कवींचा समाज टिळकांनी असा प्रत्यक्ष अनुभवला होता.

कलेच्या क्षेत्रात मिळालेला हा अनुभव त्यांनी धर्मक्षेत्रात आणू पाहिला. कवींच्या मेळाव्यात प्रवेशासाठी जातीची वा धर्माची दीक्षा लागत नाही, मग गुरूच्या दरबारात ती का लागावी, हा त्यामागील मूलभूत प्रश्न होय. या प्रश्नाला मंडळीच्या बाजूने एक समर्थ उत्तर आहे, तेही नोंदवले पाहिजे. बाप्तिस्मा हा केवळ विधी नसतो. ज्याने तो घेतला त्याने घरदार, जातीचा आधार, प्रसंगी वतनाचा हक्क गमावलेला असतो. ती किंमत मोजलेल्यांच्या शेजारी ती न मोजलेल्यांना समान आसन देणे, हे पहिल्यांना अन्यायाचे वाटू शकते. टिळकांनी स्वतः ती किंमत पुरेपूर मोजली होती, म्हणून त्यांना उदार होणे शक्य झाले. सर्वांना ते तितके सुलभ नव्हते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराला उणीपुरी दोन वर्षेही मिळाली नाहीत आणि संस्था म्हणून तो पुढे टिकला नाही. मात्र त्यातील प्रेरणा पूर्णतः लोपली असे म्हणता येणार नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्येच ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. भारतीय आणि युरोपीय यांनी साधेपणाने एकत्र राहून उपासना व सेवा करावी, या त्या संघाच्या ध्येयात टिळकांच्या बंधुसमाजाचे साम्य स्पष्ट दिसते.

कोणाची संस्कृती?

टिळकांच्या कार्याचे गौरवपर मूल्यमापन ‘त्यांनी ख्रिस्ती धर्माला मराठी संस्कृतीत रुजवले’ या विधानाशी थांबते. देशीवादाच्या चर्चेनंतर हे विधान अधिकच आकर्षक वाटू लागले. परंतु येथेच समीक्षकाने थांबून विचारले पाहिजे की, ही मराठी संस्कृती कोणाची?

अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत बहुसंख्य सभासद महार आणि काही प्रमाणात मांग समाजातून आलेले होते. टिळकांसाठी भक्तिपरंपरा हा घरातून मिळालेला ठेवा होता. धर्मांतराबरोबर तो गमावू नये, ही त्यांची तळमळ होती. या बहुसंख्य सभासदांचा अनुभव वेगळा होता. चोखामेळ्याची वाणी त्यांची होती, पण पंढरपूरच्या मंदिराचा उंबरठा त्यांचा नव्हता. ते दार अस्पृश्यांसाठी उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. टिळक ज्या सेतूवरून आले, त्या सेतूचे पहिले टोक या माणसांच्या बाबतीत महाद्वाराच्या बाहेर होते. त्यांच्यासाठी ख्रिस्ती होणे म्हणजे पूर्वसंस्कृतीचे जतन करण्यापेक्षा तिच्या अपमानातून सुटणे अधिक होते. अशा माणसाला पाश्चात्त्य चालीचे स्तोत्र परके वाटण्याऐवजी मोकळे वाटले असेल, तर ते समजून घेतले पाहिजे.

या दृष्टीने अभंग आणि नारदीय कीर्तन यांत भेद करणे आवश्यक ठरते. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, संस्कृत वचनांचा आधार आणि आख्यानाची पंडिती रीत ही नारदीय कीर्तनाची वैशिष्ट्ये ब्राह्मणी विद्वत्तेशी निगडित आहेत. अभंग मात्र शिंपी, माळी, कुणबी, महार अशा सर्वांच्या मुखातून घडलेला आहे. टिळकांची संस्कृतप्रचुर पदरचना पहिल्या परंपरेकडे झुकते, तर त्यांच्या साध्या, कळवळ्याच्या रचना दुसऱ्या परंपरेत सामावतात. त्यांच्या उपासनागीतांपैकी जी गीते मंडळ्यांनी पिढ्यानपिढ्या गात राहून आपली केली, ती प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारची आहेत. मंडळीने केलेली ही निवड म्हणजे एक प्रकारची समीक्षाच होय.

पंडिता रमाबाईंशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ब्राह्मण कुळ, संस्कृतचे अध्ययन आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, हे दोघांतील साम्य. परंतु बायबलचा मूळ भाषांतून मराठी अनुवाद करताना रमाबाईंनी पंडिती व तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द कटाक्षाने टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी सोपी भाषा पत्करली. हा संपूर्ण अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंपरेच्या शब्दांत साठलेली भक्ती टिळकांना हवी होती. त्याच शब्दांत साठलेली विषमता रमाबाईंना नको होती. दोघांच्याही भूमिकांत तथ्य आहे. टिळकांची भाषा अधिक समृद्ध आहे, पण तिच्यात प्रवेश करण्यासाठी काही पूर्वसंस्कार लागतात. रमाबाईंची भाषा काहीशी कोरडी आहे, पण तिच्या दारात कोणाला थांबावे लागत नाही.

‘दरबार’ या रूपकालाही हीच कसोटी लावता येते. टिळकांनी मिशनची धनी-चाकर व्यवस्था नाकारली, तरी पर्यायासाठी निवडलेला शब्द राजसभेचा आहे. त्या दरबाराचा राजा ख्रिस्त आहे आणि त्याच्यापुढे सर्व समान आहेत, हे खरे. परंतु दरबारात आसनांची उतरंड असते, ही आठवण तो शब्द पुसू देत नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या दरबाराच्या बाहेर बसून जोहार घातला, त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागला असेल, याचा विचार टिळकांच्या लेखनात प्रकर्षाने आलेला दिसत नाही. जातिभेदाला त्यांचा विरोध प्रामाणिक होता आणि त्यांच्या घराने तो आचरणातही आणला. मात्र संस्कृतीविषयीच्या त्यांच्या चिंतनात जात हा केंद्रवर्ती प्रश्न झाला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) टिळकांच्या ख्रिस्ती रचनांना ‘भारतीय वेश’ या रूपकात बसवणे अपुरे आहे. अभंगाने ईश्वराच्या कल्पनेत, धर्माधिकाराच्या स्वरूपात आणि समुदायाच्या सीमेत प्रत्यक्ष बदल घडवला.

२) हा परिणाम दुहेरी होता. नित्य सान्निध्याच्या अभंगात ऐतिहासिक यातनेचे स्मरण आणून टिळकांनी त्या रचनाप्रकाराचीही कक्षा वाढवली. मात्र हे यश त्यांच्या सर्व रचनांत सारखे नाही.

३) मिशनच्या पगाराचा त्याग आणि ‘देवाचा दरबार’ या घटना त्यांच्या काव्यविचारापासून अलग करता येत नाहीत. भक्तिपरंपरेतील ‘दास’ आणि संस्थेचा ‘सेवक’ यांतील विसंगतीचा तो परिपाक होता. त्यांच्या घरातील आणि कवींच्या सहवासातील अनुभवानेही त्याला बळ दिले.

४) धर्माच्या देशीकरणाचे मूल्यमापन करताना केवळ ‘देशी आहे का’ एवढे विचारून भागत नाही. त्या देशी परंपरेत कोणाला आत आणि कोणाला बाहेर बसावे लागत होते, हेही विचारावे लागते. या कसोटीवर टिळकांचे चिंतन अपुरे ठरते; तरी त्यांच्या अभंगांत ते अपुरेपण ओलांडण्याची शक्यताही आहे.

टिळकांनी कविता, उपासना आणि जगणे यांत भिंती उभारल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या कवितेचा अभ्यास त्यांच्या पाळकपणाला वगळून करणे जितके अपुरे, तितकाच त्यांच्या धर्मकार्याचा अभ्यास कवितेला वगळून करणेही अपुरे आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमांत टिळकांच्या निसर्गकवितेबरोबर त्यांच्या अभंगांना, आणि त्या अभंगांबरोबर मंडळ्यांत आजही गायिल्या जाणाऱ्या सांगळे प्रभृतींच्या पदांना स्थान मिळाले, तर भक्तिकाव्याचा इतिहास आज मानला जातो त्यापेक्षा अधिक विस्तृत असल्याचे दिसून येईल.